बसंतीचा ढावलो

श्रीकृष्ण मुळे यांनी आयुष्यात दोन गोष्टी नेमाने केल्या. जिल्हा परिषदेत तेहेतीस वर्षं कारकुनी केली, आणि रविवार आला की टेपरेकॉर्डर काखोटीला मारून यवतमाळ जिल्ह्यातली खेडी आणि तांडे पालथे घालत लोकांची गाणी गोळा केली. पहिलीचं पेन्शन सुरू होतं. दुसरीचं काय मिळालं, असं त्यांच्या पत्नी शीलाबाई दर दिवाळीच्या साफसफाईत विचारत, कारण दोनशे अकरा कॅसेटी आणि चौदा वह्यांनी घरातलं एकुलतं एक चांगलं कपाट अडवून ठेवलं होतं. मुळे यावर नुसते हसत. उत्तर नसलं की हसायचं, हे ते कचेरीतच शिकले होते.

उत्तर आलं ते २००७ च्या जानेवारीत, कुरियरने. त्यांचा मुलगा साकेत इंजिनियर होऊन मुंबईत नोकरीला लागला आणि दोन वर्षांत ती नोकरी सोडून बास गिटार वाजवायला लागला, तेव्हा मुळ्यांच्या घरी चार दिवस चूल नीट पेटली नव्हती. त्या साकेतची सीडी आली होती. नाव ‘बोंड’. वेष्टनावर उकललेल्या कापसाच्या बोंडाचा फोटो, आणि मागे साकेतच्या शेजारी इसा नावाचा उंच, हसरा तरुण. इसा बुर्किना फासोचा. पुण्यात शिकायला आला होता आणि शिकण्यापेक्षा जेंबे जास्त वाजवत होता. जेंबे म्हणजे त्यांच्याकडचा मांडीत धरून वाजवायचा ढोल. शीलाबाईंना तो देश शाळेच्या जुन्या नकाशात शोधूनही सापडला नाही. पण इसाच्याही गावी कापूसच पिकतो, आणि दोघांच्या गावचा भाव तिसऱ्याच देशात बसून कोणीतरी पाडतो, हे त्या दोघांना एका चहाच्या टपरीवर कळलं आणि तिथेच त्यांची दोस्ती जमली. त्या दोस्तीतून जाझ, फंक आणि आफ्रिकेचे ढोल एकत्र करून सहा गाणी झाली होती.

वेष्टनाच्या शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात छापलं होतं, ‘मूळ ध्वनिमुद्रण : श्रीकृष्ण मुळे’. मुळ्यांनी ती ओळ चष्मा लावून चारदा वाचली आणि चष्मा काढून एकदा.

टीव्हीला जोडलेल्या प्लेअरवर त्यांनी सीडी लावली. शीलाबाई सुपात तूर निवडत होत्या. पहिल्या गाण्याचा ठेका फवारणीच्या पंपाच्या खटक्यावर बांधलेला होता. दुसऱ्यात कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारातली लिलावाची बोली आणि तिच्यामागून धावणारा ट्रम्पेट. शीलाबाई थोडा वेळ ऐकून म्हणाल्या, “वरातीतल्या बँडसारखंच आहे हो, फक्त बँडवाले शुद्धीवर आहेत.” मुळे मात्र तल्लीन झाले होते. खरं सांगायचं तर ते काम फार चांगलं होतं. वाईट असतं तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

मग चौथं गाणं लागलं. त्याचं नाव ‘बसंती’. आधी साकेतची गिटार एकटी, खालच्या पट्टीत. मग इसाचा जेंबे, थांबत थांबत. सॅक्सोफोन यायचा तसा आला, आणि मग अचानक त्या सगळ्यांच्या वर एका पोरीचा रडता, गाता आवाज चढला.

“अगं, ही माझी कॅसेट!” मुळे ओरडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि पाय ठेका धरून हलत होता.

ती कॅसेट सत्त्याण्णवच्या मे महिन्यातली. दिग्रसकडच्या एका तांड्यावर मुळे शाळेच्या इमारतीच्या पाहणीला गेले होते. तांड्याचे नायक गुलाबसिंग यांच्या बसंतीचं दुसऱ्या दिवशी लग्न होतं, आणि त्यांनी साहेबांना आग्रहाने ठेवून घेतलं. बंजारा तांड्यावरची नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते, त्याला ढावलो म्हणतात. चाल पिढ्यान्‌पिढ्यांची, शब्द मात्र तिचे तिने जोडायचे. बापाला वेगळे, भावाला वेगळे, आईला वेगळे. बसंतीने जोडले आणि मुळ्यांच्या टेपने टिपले. नंतर गुलाबसिंगांच्या म्हाताऱ्या आईने शेजारी बसून एकेक ओळ पुन्हा सांगितली, मुळ्यांनी ती वहीत उतरवली आणि साडेचारची बस पकडली. निघताना बसंतीच्या आईला, सुखीबाईला, ते म्हणाले होते, “पुढच्या खेपेला कॅसेटची कॉपी आणून देतो.”

“मग दिली का?” शीलाबाईंनी विचारलं.

मुळे हसले.

एक गोष्ट त्यांना खटकली होती, तीही सांगून टाकायला हवी. वेष्टनावर चौथ्या गाण्याखाली इंग्रजीत लिहिलं होतं, की हा यवतमाळच्या कापूसपट्ट्यातल्या एका शेतकऱ्याच्या विधवेचा आक्रोश आहे. त्यांनी लगेच साकेतला फोन लावला. साकेत म्हणाला, “बाबा, तिकडच्या लोकांना नवरी का रडते ते समजावून सांगायला पान पुरत नव्हतं. आणि विधवा काय कमी आहेत आपल्याकडे?” ती वर्षंच तशी होती. यवतमाळात कोणी रडलं की ते आत्महत्येचंच रडणं, असं बाहेरच्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि साकेत आता बाहेरचा झाला होता. बापाने जरा ताणून धरायला हवं होतं. पण त्या ओळीच्या थोडं खाली त्यांचं नाव छापलेलं होतं, आणि माणूस शेवटी माणूसच. त्यांनी विषय सोडून दिला.

आठवड्याने गावच्या पेपरात बातमी आली. पॅरिसच्या कुठल्याशा रेडिओवर ‘बसंती’ वाजलं होतं. बातमीत मुळ्यांचा फोटो होता आणि तांड्याचं नाव होतं. त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला फाटक वाजलं.

दारात पन्नाशी ओलांडलेली एक बाई उभी होती. आरशांची कांचळी, दंडापर्यंत चढलेल्या पांढऱ्या बांगड्या, हातात पिशवी. दिग्रसहून एसटीने आली होती आणि स्टँडपासून विचारत विचारत चालत.

“वळखलं का साहेब? मी सुखीबाई. बसंतीची याडी.” याडी म्हणजे आई.

मुळ्यांनी तिला आत घेतलं, खुर्ची दिली. ती खालीच बसली. पिशवीतून तुरीच्या हिरव्या शेंगा काढून तिने शीलाबाईंच्या पुढ्यात ओतल्या.

“बसंती कशी आहे?” मुळ्यांनी उत्साहाने विचारलं.

“थे तं गेली ना साहेब. लगनाच्या दुसऱ्या साली. कावीळ झाल्ती. सात रोजात गेली.”

 मुळ्यांना वेष्टनावरची ओळ आठवली. त्यांनी चाचरत विचारलं, “आणि जावई?”

“त्याले काय धाड भरली? दिग्रसले जिनिंगात हाय. दुसरी केली, दोन लेकरं हायेत.” मग ती पुढे सरकली. “मास्तरनं पेपर वाचून दाखोला. बसंती गाऊन राह्यली म्हने परदेशात. म्हनून आली. मले आयकाचं हाय.”

मुळ्यांनी चौथं गाणं लावलं.  सुखीबाई टीव्हीच्या अंधाऱ्या काचेकडे तोंड करून बसली. गिटार झाली, ढोल झाला, पोरीचा आवाज आला, आणि तिचं तोंड उघडं राहिलं. साकेतने बसंतीची एकच ओळ उचलली होती आणि ती पुन्हा पुन्हा फिरवली होती, कापूसकोंड्याच्या गोष्टीसारखी. ओळ संपली की तीच, संपली की तीच, आणि दर वेळी इसाचा ढोल तिच्याखाली वेगळा. गाणं संपलं. 

“हे बापाचं हाय,” ती म्हणाली. “बापाच्या गळ्यात पडली तवाचं. मंग भावाच्या पडली, मंग माह्या. माहं कुठी हाय?”

“याच्यात तेवढंच घेतलंय हो त्यांनी.”

“पन तुमच्या डब्ब्यात तं हाय ना?” तिने टेपरेकॉर्डरसाठी हाताने चौकोन करून दाखवला. “साहेब, मी सांगू का तुमाले? माह्या गळ्यात पडून थे काय म्हने, मले आयकूच नाही आलं. मीच जोरजोरात रडून राह्यलती ना. आमच्यात मायनंही रडा लागते. धा वरसं झाले, मी सोचत राह्यतो, काय म्हनली असंन? काही मांगलं असंन का? सासरी जायचं नाही म्हनली असंन का? बाकी कोनाले याद नाही. सासूले याद होतं, थे मेली. आता तुमच्या डब्ब्यातच हाय थे. तेवढं आयकवा, मी जातो.”

शीलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मुळे म्हणाले, “कॅसेट मुलाकडे आहे. मी मागवतो. नक्की मागवतो.” आणि दहा वर्षांपूर्वीचं वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हा निघालं. “पुढच्या खेपेला या.”

ती गेल्यावर त्यांना वही आठवली आणि एकदम हायसं वाटलं. कॅसेट येईल तेव्हा येईल, गुलाबसिंगांच्या आईने सांगितलेले शब्द तर आपण लिहून घेतलेत! त्यांनी कपाट उपसलं. नववी वही. मे १९९७. ढावलो, बसंती गुलाबसिंग. वळणदार अक्षर, लाल शाईत मथळे. ‘वडिलांस उद्देशून’, खाली आठ ओळी. ‘भावास उद्देशून’, खाली सहा ओळी. ‘आईस उद्देशून’.

त्याखाली एकच शब्द होता. ‘वरीलप्रमाणे’.

मुळे वही मांडीवर घेऊन बसून राहिले. त्यांना तो क्षण लख्ख आठवला. चार वाजून पाच मिनिटं झाली होती, म्हातारी आईसाठीची ओळ सांगायला लागली होती, चाल तीच होती, आणि बंजारा बोली तशीही त्यांना अर्धीच कळत होती. तेहेतीस वर्षांत हजारो तक्त्यांमध्ये त्यांनी हा शब्द लिहिला होता. वरच्या रकान्यात आहे तेच खालच्या रकान्यात. वेळ वाचतो, शाई वाचते, आणि साहेब कधी हरकत घेत नाहीत. म्हातारी बोलत राहिली आणि त्यांनी मान डोलवत पेनाचं टोपण लावलं. बस मिळाली होती. खिडकीची जागासुद्धा मिळाली होती.

त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

आता सगळी भिस्त कॅसेटवर होती. त्यांनी साकेतला फोन लावला. तो म्हणाला, “बाबा, मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. ती कॅसेट नाहीये.” २००५ च्या मे महिन्यात त्याने ती नेली होती. कॉपीत खरखर येते म्हणून मूळच पाहिजे असा त्याचा हट्ट होता, आणि मुळ्यांनी पहिल्यांदाच आपल्या कपाटाला कोणी मान दिला म्हणून ती खुशीने काढून दिली होती. साकेतने हवे तेवढे चाळीस सेकंद कॉम्प्युटरवर घेतले. जुलैत मुंबईत पाणी भरलं तेव्हा त्याच्या तळमजल्याच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं. “कॉम्प्युटर वर उचलून ठेवला बाबा. बॅग खाली राहिली.”

मुळ्यांना खूप बोलायचं होतं. पण बोलायला तोंड कुठे होतं? मूळ कॅसेट कॉपी न करता देणारे ते, आणि वहीत ‘वरीलप्रमाणे’ लिहिणारेही तेच. ते एवढंच म्हणाले, “तिची आई आली होती रे.”

 “थांबा,” साकेत म्हणाला. “इसाकडे असेल. त्याने पूर्ण ऐकायला मागितलं होतं. त्याच्या प्लेअरमध्ये घेतलं होतं त्याने.”

इसा तेव्हा आपल्या देशी परतला होता. त्याला ई-मेल गेली. मुळे रोज सकाळी बस स्टँडजवळच्या सायबर कॅफेत जाऊन बसू लागले. तिथली पोरं त्यांना आजोबा म्हणून पंख्याखालचं मशीन देत. सुखीबाई दर चार दिवसांनी तांड्याच्या रस्त्यावरच्या एसटीडीवरून फोन करी. “आला का साहेब डब्बा?” मुळे म्हणत, “येतोय, येतोय.” वहीचं त्यांनी तिला सांगितलं नाही. उद्या सांगू, असं ते रोज ठरवत.

एकविसाव्या दिवशी उत्तर आलं. इसाने लिहिलं होतं, की ढोल नुसता शब्दांवर बसत नाही, गाणारीने श्वास कुठे घेतला ते माहीत असावं लागतं, म्हणून त्याने सबंध ढावलो महिनाभर ऐकला होता आणि अजून जपून ठेवला होता. आईला माझा नमस्कार सांगा, असंही लिहिलं होतं. सोबत आवाजाची फाइल होती. ती उतरायला पाऊण तास लागला. मुळ्यांनी कानाला हेडफोन लावले. बापाचा भाग आला. भावाचा आला. मग थोडी गडबड, लोकांचे आवाज, आणि एक बाई जिवाच्या आकांताने रडू लागली. “याडी! याडी!” मुळ्यांना तेवढा शब्द स्पष्ट कळला. ते त्या सायबर कॅफेत, गेम खेळणाऱ्या पोरांच्या मध्ये, मोठ्याने म्हणाले, “सापडलं!”

त्यांनी ते सीडीवर उतरवून घेतलं. या खेपेला दोन कॉपी काढल्या.

सुखीबाई दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आली. नवा ओढणा घेतला होता, केस नीट चोपले होते. ती आज खुर्चीवर बसली, आपणहून. शीलाबाईंनी चहा ठेवला तर म्हणाली, “मंग पितो बाई. आधी आयकतो.”

मुळ्यांनी सीडी लावली. ढोल नव्हता, गिटार नव्हती. सत्त्याण्णवच्या मे महिन्यातला वारा होता, मागे कुठे बैल होता, आणि बसंती बापाच्या गळ्यात पडून गात होती. सबंध आठ ओळी. सुखीबाई ओठ हलवत होती. भावाच्या सहा ओळी. मग ती गडबड झाली, आणि मुळे पुढे वाकून कुजबुजले, “आता ऐका. आता तुमचं.”

रडणं सुरू झालं. “याडी! याडी!” सुखीबाईने डोळे मिटले. मग उघडले. ती कान टीव्हीजवळ नेत राहिली. दोन मिनिटं ते रडणं चाललं, मग ढोलकी वाजली आणि आवाज तुटला.

“ऐकलंत?” मुळ्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा परीक्षेचा निकाल ऐकणाऱ्या पोरासारखा झाला होता.

“हे तं मी हाय,” सुखीबाई म्हणाली.

“काय?”

“हे बसंती नोहे साहेब. मी हाय हे. मी माह्या मेल्या मायले हाका मारून राह्यलती. पोरगी जाऊन राह्यली, ये वं याडी, पाहाले ये, म्हनून.” ती घाबरल्यासारखी टीव्हीकडे बघत होती. “बसंतीचं कुठी हाय?”

 मुळ्यांनी मागे नेऊन पुन्हा लावलं. आता सांगितल्यावर त्यांनाही कळलं. मोठा, फाटका, चाळिशीतल्या बाईचा आवाज, आणि त्याच्या खाली, अगदी खाली, कोणीतरी पोरगी काही म्हणत होती. शब्द नव्हते. नुसता एक बारीक धागा होता, आईच्या रडण्यात शिरायचा आणि बुडायचा. चाल तेवढी ओळखू येत होती.

“लिवलं होतं ना तुमी?” सुखीबाईने एकदम विचारलं. “सासूनं सांगतलं होतं तुमाले. मी पाह्यलं, तुमी लिवून राह्यलते. वहीत असंन ना?”

शीलाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. वहीत काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. मुळे उठले, वही घेऊन आले आणि तिच्यापुढे जमिनीवर बसले. तिला वाचता येत नव्हतं. क्षणभर त्यांच्या मनात आलं, की काहीतरी वाचून दाखवावं. बापाच्या ओळी आहेतच, बापूच्या जागी याडी घालायचं. कोणाला कळणार होतं? त्यांनी पहिली ओळ तशी वाचलीसुद्धा.

“हे बापाचं हाय साहेब,” ती म्हणाली. रागाने नाही. “हे तं त्या बाजाच्या गान्यात हाय.”

“सुखीबाई, मी लिहिलं नाही,” मुळे म्हणाले. “आजी सांगत होत्या. मी बससाठी घाई केली. मला वाटलं, सारखंच असेल. माझं चुकलं.” त्यांनी हात जोडले. साठी उलटलेला माणूस, पण शीलाबाईंनी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

सुखीबाईने त्यांच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने फक्त मान हलवली, बसचं कारण पटल्यासारखी, आणि खुर्चीवरून उतरून टीव्हीसमोर खाली मांडी घातली.

“पुन्हा लावा,” ती म्हणाली.

त्यांनी लावलं. तिने दोन्ही तळवे टीव्हीच्या डब्याला टेकवले आणि कान आवाजाच्या जाळीला लावला. दहा वर्षांपूर्वीची सुखीबाई आपल्या आईला हाका मारत रडू लागली, घर भरून गेलं. ही सुखीबाई मात्र रडत नव्हती. ती डब्यातल्या त्या बाईला हळूच, समजावणीच्या सुरात म्हणत होती, “चूप वं माय. जराशीक चूप ऱ्हाय. बोलू दे ना तिले.”